पाच जातींचं मिरची किट: खान्देशातल्या घरात काय चालतं, काय नाही

हिरव्या मिरचीसाठी खान्देशात कुणाला किट लागत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, ठेच्याची मिरची बारा महिने मिळते आणि हिवाळ्यात नंदुरबारच्या पथारींवर ओली लाल मिरची वाळायला पडलेली असते. तरी घरात मिरची लावण्याला दोन सबळ कारणं आहेत. हबानेरो, भूत जोलोकिया यांसारख्या जाती आपल्या भाजीबाजारात येत नाहीत, हे पहिलं. दुसरं म्हणजे फ्लॅटमध्ये राहणाऱ्याकडे ना परसबाग ना स्वतःची गच्ची. असते ती एक खिडकी आणि फार तर चार फुटांची गॅलरी, आणि तिच्या कठड्याला मार्चनंतर दुपारी हात लावता येत नाही. अशांसाठी ‘घरातल्या घरात तिखट मिरची’ म्हणून ऑनलाइन किट विकलं जातं. तेच किट खोका बदलून चार-पाच नावांनी मिळतं, म्हणून नाव बाजूला ठेवून आत काय आहे तेवढंच इथे पाहू.

खोक्यात असतात पाच जातींच्या दहा-दहा बिया (ज्वाला, केयेन, हॅलापीनो, हबानेरो, भूत जोलोकिया), पारदर्शक झाकणाचा बारा खणांचा ट्रे, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) दाबलेल्या चकत्या, ट्रेखाली ठेवून ऊब देणारी विजेवरची हीट मॅट, चिमट्याने टेबलाला लावायचा दोन दांड्यांचा जांभळा ग्रो लाइट (रोपांसाठीचा दिवा), चार इंची पाच कुंड्या, ‘प्लांट फूड’ची पुडी, नावं लिहायच्या पट्ट्या आणि एक पुस्तिका. सवलत धरून किंमत दीड हजाराच्या आसपास.

निकाल आधीच सांगून टाकू. हे किट थंड मुलखातल्या घराचा विचार करून बांधलेलं आहे. तिथे घर गार असतं म्हणून बी उगवत नाही. आपल्याकडे त्याच उपकरणांनी बी शिजतं. बिया आणि ट्रे कामाचे आहेत. हीट मॅट वर्षातले दहा महिने कपाटात राहील. दिवा आणि कुंड्या पहिल्या दोन महिन्यांतच बदलाव्या लागतील. आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट आहे पुस्तिकेतलं वेळापत्रक.

आधी वेळापत्रकाबद्दल, कारण तिथेच वर्ष वाया जातं

पुस्तिका म्हणते, फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरा. युरोपात ते बरोबर आहे. तिथे मे-जूनमध्ये हवा उबदार होते आणि झाड बाहेर नेता येतं. खान्देशात फेब्रुवारीत पेरलेली मिरची फुलावर येते नेमकी एप्रिल-मेमध्ये, पारा ४३-४४ अंशांवर असताना. मिरचीचं झाड त्या उन्हात मरेलच असं नाही, पण दिवसाचं तापमान ३५ च्या पुढे आणि रात्रीचं २४-२५ च्या वर राहिलं की परागकण निकामी होतात. फूल येतं, दोन दिवस टिकतं आणि देठासकट गळतं. लावणाऱ्याला वाटतं खत कमी पडलं. तो खत वाढवतो, नत्र जास्त होतं, झाड पानांनी भरतं आणि फुलं गळतच राहतात.

आपल्याकडे घरातली मिरची पेरायची ती पोळ्याच्या सुमारास, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य. तेव्हा खोलीत २७ ते ३० अंश असतात आणि उगवणीला नेमके तेवढेच हवेत. ऑक्टोबरमध्ये रोप कुंडीत जातं. नोव्हेंबरच्या मध्यापासून ज्वाला, केयेन आणि हॅलापीनो फुलावर येतात आणि डिसेंबर-जानेवारीत तोडणी होते. हबानेरो आणि भूत जोलोकिया यांना महिना-दीड महिना जास्त लागतो. त्यांचं फळ फेब्रुवारी-मार्चपर्यंत पिकतं, म्हणजे उन्हाळा तापायच्या आत. एवढी एक तारीख पाळली तर किटमधल्या निम्म्या उणिवा झाकल्या जातात.

बिया

मिरचीच्या प्रमाणित बियाण्याला किमान ६० टक्के उगवणक्षमता लागते आणि कृषी सेवा केंद्रातल्या पाकिटावर लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, मुदत हे सगळं छापलेलं असतं. किटच्या पुड्यांवर यातलं काही नाही, फक्त मिरचीचं रंगीत चित्र. ही मोठी उणीव आहे. बी जुनं आहे की ताजं, हे पेरल्याशिवाय कळायला मार्ग नाही. म्हणून दहाच्या दहा बिया एकदम पेरू नका. प्रत्येकी पाच पेरा, पाच हवाबंद डबीत घालून फ्रिजच्या दारात ठेवा.

पुडीतली जात खरी आहे का, हे फळ लागण्याआधीच ओळखता येतं आणि हे प्रत्येकाने करून पाहावं. ज्वाला, केयेन, हॅलापीनो या एका प्रजातीच्या, कॅप्सिकम अ‍ॅन्युअम. त्यांची पानं निमुळती आणि गुळगुळीत, आणि प्रत्येक पेऱ्यावर सहसा एकच पांढरं फूल. हबानेरो आणि भूत जोलोकिया जातात कॅप्सिकम चायनेन्सकडे. त्यांची पानं रुंद, फिकट हिरवी, थोडी सुरकुतलेली आणि एकेका पेऱ्यावर दोन ते चार फुलं, माना खाली घातलेली. भूत जोलोकियाच्या पट्टीखालच्या रोपाला चिंचोळी पानं आणि एकेकटं फूल असेल, तर ते भूत जोलोकिया नाही. विक्रेत्याकडे तक्रार करायला तेवढा फोटो पुरतो.

उगवणीच्या दिवसांतही हाच फरक दिसतो. पहिल्या तीन जाती आठ ते चौदा दिवसांत वर येतात. चायनेन्सना दोन ते पाच आठवडे लागतात, आणि नवखा माणूस बाराव्या दिवशी ट्रे उकरून बघतो तो इथेच चुकतो. त्यांना वेगळा ट्रे द्यावा. एकाच ट्रेमध्ये सगळं पेरलं, तर ज्वालाला झाकण काढायची वेळ होते तेव्हा हबानेरोला झाकण अजून हवं असतं.

बाजारातून आणलेल्या वाळलेल्या लाल मिरचीचं बी का नको, असा प्रश्न पडेल. चालतं, उगवतंही. पण शेतात बहुतेक संकरित वाण असतात आणि त्यांच्या फळातल्या बियांपासून तीच मिरची मिळेल याची खात्री नसते. पाकीटबंद वाणाचं दहा ग्रॅमचं पाकीट घ्यावं तर एका ग्रॅममध्येच दीडशेच्या आसपास बिया असतात. चार कुंड्यांसाठी हा हिशेब जुळत नाही. ज्यांना फक्त ज्वालासारखी मिरची हवी आहे त्यांनी किट घेऊच नये. जवळच्या रोपवाटिकेतून चार रोपं आणावीत, दहा-वीस रुपयांत काम होतं.

ट्रे, चकत्या आणि झाकण

ट्रे चांगला आहे, प्लास्टिक जाड आहे आणि दोन-तीन हंगाम टिकेल. कोकोपीटची एक चकती चाळीस-पन्नास मिली कोमट पाण्यात दहा मिनिटांत फुगते. फुगल्यावर हलकी पिळून घ्या. बोटांनी दाबल्यावर एखाद-दोन थेंब निघावेत, धार लागू नये. बी अर्धा ते पाऊण सेंटिमीटर खोल. त्याहून खोल गेलं तर कोंबाची शक्ती वर येण्यातच संपते. अगदी वर राहिलं तर बीचं टरफल पानांना चिकटून राहतं आणि टोपी घातल्यासारखं रोप अडकतं. असं झालं तर टरफलावर पाण्याचा थेंब ठेवून दोन तासांनी नखाने अलगद सोडवावं, ओढू नये.

चकतीभोवती बारीक जाळी असते. पुस्तिका म्हणते जाळीसकट लावा, ती कुजते. काही जाळ्या लवकर कुजतच नाहीत आणि मुळं आतच वेटोळी होतात. कुंडीत लावताना जाळी दोन ठिकाणी कात्रीने कापून सोलून काढा.

झाकणाबाबत दोन सूचना पुस्तिकेत हव्या होत्या. पहिली, झाकण लावलेला ट्रे कधीही उन्हात ठेवू नये. ऑक्टोबर हीटच्या उन्हात बंद झाकणाखाली अर्ध्या-पाऊण तासात बी शिजून जाईल इतकी उष्णता साठते. दुसरी, निम्म्या बिया वर आल्या की झाकण काढून टाकावं. सप्टेंबरची दमट हवा, वरून झाकण आणि आत ओलं कोकोपीट, ही मर रोगाची तयारीच आहे. रोप संध्याकाळी टवटवीत दिसतं आणि सकाळी जमिनीलगत देठ बारीक होऊन आडवं पडतं. आडवं पडलेलं रोप वाचत नाही. उरलेल्यांसाठी पाणी कमी करा, दिवसातून एक-दोन तास टेबलफॅन मंद वेगाने समोरच्या भिंतीकडे तोंड करून लावा आणि पुढच्या खेपेला कोकोपीट भिजवताना ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) भुकटी लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात घाला.

हीट मॅट

साधारण वीस वॅटची, थर्मोस्टॅट (तापमान वाढलं की वीज तोडणारी सोय) नसलेली. अशी मॅट ट्रेचं तापमान खोलीपेक्षा पाच ते दहा अंशांनी वाढवते. सप्टेंबरमध्ये खोली ३० वर असेल तर ट्रे ३५ ते ४० वर जाणार, आणि ३५ च्या वर मिरचीची उगवण घसरत जाते. म्हणून ती लावूच नका. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे रात्री गारठ्याच्या असतात, तेव्हा उशिरा पेरलेल्या चायनेन्स जातींना तिचा उपयोग होईल. तेही ट्रे आणि मॅटमध्ये जाड पुठ्ठा ठेवून. नाही तर फ्रिजच्या वरची उबदार जागा हेच काम फुकटात करते. बी रुजेपर्यंत त्याला उजेड लागत नाही, ऊब लागते.

दिवा: किटमधला सगळ्यात कमकुवत भाग

खोक्यावर लिहिलंय ‘८० वॅट’. दिवा चालतो मोबाइलच्या चार्जरवर, यूएसबी वायरने. चार्जर देतो ५ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार केला की १० वॅट. याहून जास्त शक्ती त्या वायरीतून येऊच शकत नाही, मग खोक्यावर कितीही आकडा छापा. दोन दांड्यांत मिळून १० वॅट म्हणजे बारा खणांचा ट्रे पहिले दोन-तीन आठवडे कसाबसा सांभाळेल, तोही दिवा दहा सेंटिमीटरवर आणला तर. त्यापुढे रोपं उजेडाच्या शोधात उंच, पिवळट आणि लेचीपेची होतात. दोन पानांमधलं अंतर बोटभर झालं की समजावं, उजेड कमी पडतोय.

जांभळा रंग हे काही खास तंत्र नाही. झाडाला लाल आणि निळा प्रकाश जास्त उपयोगी पडतो म्हणून तेवढेच दिवे लावलेले असतात. पण साध्या पांढऱ्या एलईडीत तेही असतात आणि पांढऱ्या उजेडात पानाचा खरा रंग दिसतो. जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय, त्यावर कीड आहे, काहीच कळत नाही. घरात लावायच्या दिव्यासाठी ही अडचण मोठी आहे.

पर्याय इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात आहे: २० वॅटची चार फुटी एलईडी ट्यूब, ६५०० केल्विन पांढरा उजेड. अशा दोन ट्यूब शेजारी शेजारी, चार फुटांच्या फळीवर टांगा. रोपांच्या शेंड्यापासून पंधरा सेंटिमीटर उंच, झाडं मोठी झाली की वीस ते पंचवीस. साखळीवर टांगल्या तर उंची बदलणं सोपं जातं. मागे आणि बाजूंना पांढरा थर्माकोल किंवा पांढरा फ्लेक्स उभा केला तर वाया जाणारा उजेड परत झाडावर येतो. रोज १४ तास चालवल्या तर ०.५६ युनिट, महिन्याला सतराच्या आसपास. मोबाइलवर लक्स (उजेडाचं माप) मोजणारं मोफत अ‍ॅप घ्या. रोपांना १० हजार लक्स, फळ धरणाऱ्या झाडाला २० हजारांच्या वर. (जांभळ्या दिव्याखाली लक्सचा आकडा फसवा येतो, पांढऱ्याखालीच मोजा.) दोन ट्यूब रोपांना पुरतात. फळासाठी त्यांच्या जोडीला खिडकीचं तीन-चार तासांचं ऊन लागेलच.

किटच्या दिव्याचा टायमर ३, ९ आणि १२ तासांचा आहे. वीज गेली की तो विसरतो आणि वीज आल्यावर दिवा आपोआप लागत नाही. जिथे आठवड्यातून चार वेळा लाइट जाते तिथे हा टायमर निरुपयोगी. प्लगचा टायमर घ्याल तर गोल फिरणारा यांत्रिक घेऊ नका. वीज नसताना त्याचं घड्याळ थांबतं आणि महिन्याभरात सकाळचे सहा दुपारचे बारा होतात. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर वेळ धरून ठेवतो.

आणि खिडकी कोणती? पूर्वेची असेल तर डोळे झाकून तीच. सकाळचं ऊन मिळतं आणि तापत नाही. दक्षिणेची खिडकी आपल्याकडे मोसमी असते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. जळगाव-धुळे २१ अंश अक्षांशावर आहेत. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन खोलीत खोलवर येतं. जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो आणि दक्षिणेच्या खिडकीत उन्हाचा पट्टाही पडत नाही. हिवाळी मिरचीला ही खिडकी उत्तम, उन्हाळ्यात तिच्यावर भिस्त ठेवू नका. पश्चिमेची खिडकी फेब्रुवारीनंतर टाळा.

कुंड्या आणि माती

चार इंची कुंडी रोपाला महिनाभर पुरते. त्यानंतर मिरचीला दहा ते बारा इंची कुंडी किंवा बारा लिटरची ग्रो बॅग लागते, भूत जोलोकियाला पंधरा लिटरपर्यंत. खोक्यावरच्या चित्रात चार इंची कुंडीत फळांनी लगडलेलं झाड दाखवलंय. तसं होत नाही, पाच-सहा मिरच्या धरून झाड थांबतं.

कुंडीत शेतातली काळी माती भरायची सवय इथे सोडावी लागेल. ती शेतात सोनं आहे, पण कुंडीत ओली झाली की फुगून चिखल होते आणि सुकली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधली मुळं कोरडी राहतात. दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग नदीची जाड वाळू किंवा परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे), आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड, हे मिश्रण चुकत नाही. साडेसहाशे ग्रॅमची कोकोपीटची वीट चार लिटर पाण्यात आठ लिटरच्या आसपास फुगते. तीन पाण्यांनी धुवून घ्या, कारण स्वस्त विटांमध्ये मीठ राहिलेलं असतं आणि त्याने पानांच्या कडा करपतात.

चार-सहा खरी पानं आली की चार इंची कुंडी, आणि कुंडीच्या भोकांतून मुळं डोकावू लागली की मोठी. संध्याकाळी लावा, पहिले दोन दिवस थेट ऊन नको.

पाणी आणि खत

बोअरचं पाणी जड असेल तर महिन्याभरात कुंडीच्या मातीवर पांढरा थर दिसतो. तो क्षारांचा. महिन्यातून एकदा कुंडी मोरीत ठेवून खालून भरपूर पाणी वाहून जाईल इतकं पाणी द्या. आरओचं वाया जाणारं पाणी झाडाला घालू नका, त्यात क्षार आणखी दाट असतात. सॉफ्टनरमधून आलेलं पाणी तर नकोच, त्यात सोडियम असतं. एसीचं ठिबकणारं पाणी मात्र क्षारमुक्त असतं, बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळून वापरता येतं.

बोटाचं एक पेर मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. दुपारी पानं मलूल झाली आणि माती ओली असेल तर ती उन्हाची तहान आहे, संध्याकाळी पानं आपोआप सावरतात. अशा वेळी पाणी ओतलं तर मुळं कुजतात. घरातल्या मिरच्या कोरड्या पडून जितक्या मरतात, त्याहून जास्त अतिपाण्याने मरतात.

‘प्लांट फूड’च्या पुडीवर नत्र-स्फुरद-पालाशाचं प्रमाण छापलेलं नाही. ज्या खतात काय आहे हेच माहीत नाही ते मोजून द्यायचं कसं? बाजूला ठेवा. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच टक्क्यांत) विद्राव्य खत मिळतं. चार पानांवर लिटरला अर्धा ग्रॅम, मोठ्या कुंडीत गेल्यावर लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. फुलं दिसू लागली की एका आठवड्याला १३:००:४५ आणि दुसऱ्या आठवड्याला कॅल्शियम नायट्रेट, दोन्ही लिटरला एक ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेट आणि १९:१९:१९ एका भांड्यात कालवू नका, पाण्यात पांढरा साका बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही. मिरचीच्या टोकाकडे तपकिरी, चामड्यासारखा डाग आला तर तो बहुतेक वेळा रोग नसतो. पाणी कधी खूप, कधी अजिबात नाही, असं झालं की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. आधी पाण्याची शिस्त लावा, मग खताकडे पाहा. वापरलेली चहापूड ओली-ओली कुंडीत टाकू नका. तिच्यावर बुरशी धरते आणि चिलटांएवढ्या काळ्या माश्या घरभर होतात.

फूल आलं, मिरची नाही

घरात वारा नाही, मधमाशी नाही. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, पण पराग हलायला हवेत. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान उमललेल्या फुलामागच्या देठाला बोटाने हळू टिचकी मारा किंवा मऊ ब्रश फुलात फिरवा. रोज, आठवडाभर. पुढच्या वर्षासाठी बी धरायचं असेल तर एकच ब्रश दोन जातींत फिरवू नका. यंदाचं फळ बदलणार नाही, त्यातलं बी मात्र मिश्र होईल. जानेवारीत रात्री खिडकीच्या काचेजवळ पारा १५ च्या खाली जातो तेव्हाही फुलं गळतात. कुंडी रात्रीपुरती खोलीच्या मध्याकडे ओढावी.

कीड

घरात आहे म्हणून कीड येणार नाही, हा पुस्तिकेतला दावा चुकीचा आहे. डासांची जाळी फुलकिडे अडवू शकत नाही, तिची भोकं त्यांच्यासाठी दरवाजासारखी मोठी. गावाकडे कपाशी उपटून शेतं मोकळी होऊ लागली की तिच्यावरची पांढरी माशी आणि फुलकिडे नवं हिरवं शोधत निघतात, आणि खिडकीतली मिरची त्यांना सापडते.

चुरडा-मुरडा (पानं आक्रसून मुरडणं) दिसला की आधी पान कुठल्या बाजूला वळलंय ते बघा. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून उलटी होडी झाली असेल तर कोळी (जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे, डोळ्याला जेमतेम दिसणारी कीड). दोन्हींना औषध वेगळं. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे आणि निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात दोन मिली द्रव साबण, पाच दिवसांच्या अंतराने तीन वेळा, पानाच्या खालच्या बाजूने. कोळ्यांसाठी पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण खोलीत नव्हे, गॅलरीत, आणि ऊन ३२ अंशांच्या वर असताना अजिबात नाही, पानं भाजतात. तेलाची फवारणी आणि गंधक यांत किमान दोन आठवडे जाऊ द्या. पांढऱ्या माशीला आणि त्या काळ्या माश्यांना पिवळे सापळे. मावा नुसत्या साबणाच्या पाण्यानेही जातो.

मिरची हातात आल्यावर

पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही आणि ही गोष्ट गंभीर आहे. हॅलापीनोचा तिखटपणा स्कोव्हिल मोजणीवर अडीच ते आठ हजार, हबानेरोचा एक ते साडेतीन लाख, आणि भूत जोलोकिया २००७ साली गिनीज बुकात गेली ती दहा लाखांवरच्या आकड्याने. ठेच्यात पाच मिरच्या लागतात म्हणून भूत जोलोकियाच्या पाच टाकू नयेत. खलबत्त्यात कुटताना उडालेला एक थेंब डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागेल. हातमोजे घालून चिरा. तिखट बियांत नसतं, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत असतं. ती काढली तर तिखट बरंच उतरतं. हाताला लागलं तर पाण्याने जात नाही. आधी खाण्याचं तेल चोळा, मग साबण. तोंडाला लागलं तर पाण्याऐवजी दूध किंवा दही. ही मिरची बंद स्वयंपाकघरात तव्यावर भाजू नका, धुराने घरभर ठसका लागतो. लहान मुलं असलेल्या घरात कुंडी हात पोचेल अशा उंचीवर ठेवू नये आणि नावाची पट्टी काढू नये.

घ्यावं का?

ज्यांना हबानेरो किंवा भूत जोलोकिया लावायची आहे आणि बी कुठून आणायचं हे सुचत नाही, त्यांनी याच किटची दिवा-मॅट नसलेली छोटी आवृत्ती घ्यावी. तिच्यात बिया, ट्रे आणि चकत्या असतात. वाचलेल्या पैशांतून दोन ट्यूब, टायमर, चार ग्रो बॅगा आणि विद्राव्य खत घ्यावं. पूर्ण किट फक्त भेट म्हणून बरं दिसतं.

मार्च संपत आला की झाडं टाकून देऊ नका. मिरची दोन-तीन वर्षं जगू शकते. शेवटचं फळ तोडलं की फांद्या निम्म्याने छाटा, खत थांबवा आणि कुंडी कूलर असलेल्या खोलीत हलवा. झोताच्या समोर नको, पाच-सहा फूट बाजूला. कूलरची ओलसर हवा ईशान्येकडून आलेल्या भूत जोलोकियाला आपल्या कोरड्या झळांपेक्षा पुष्कळ मानवते. मे महिन्यात आलेलं फूल खुडून टाका. जूनमध्ये पहिला पाऊस पडून रात्री निवू लागल्या की वरचा दोन इंच थर काढून नवं गांडूळखत भरा आणि १९:१९:१९ पुन्हा अर्ध्या ग्रॅमपासून सुरू करा.